रंगनाथनं मुठीत लपवलेला झेंडू

लिही गं आनंदे, मी सांगते तसं. समोरचा रंगनाथ मिस्तरी म्हंजे पायाला भिंगरी. यवतमाळकडनं कारखान्यात कामाला आला, एका जागी उभं राहवंना म्हणून ते सोडलं आन् धायरीत गाड्यांचं गॅरेज टाकलं. चहासुद्धा फेऱ्या मारत पितो. मी म्हणते, "अरं, बूड टेक की!" तर म्हणतो, "बसलो की गंजतो मी, आजी."

पण त्या दिवशी त्याच्यापेक्षा मीच जास्त नाचत व्हते. नातीचं, राजनंदिनीचं, बाळ आठव्यातच आलेलं. अठरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत. दुपारी एकला सोडणार व्हते. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, झळ लागू द्यायची न्हाई आन् भाड्याच्या गाडीत दहा जणांचा खोकला, तीबी नको. एप्रिलचं ऊन नुसतं भाजत व्हतं. आन् सकाळी माझ्या लेकानं, संपतनं, आपली गाडी चालू केली, तर एसीतनं वाराच येईना! महिनाभर आतनं खर्र खर्र करत व्हतं, पण ऐकतंय कोण?

संपत रंगनाथवरच उखडला. "मागं तूच हात लावला व्हतास एसीला."

"गॅसले लावला होता, भाऊ. पंख्याले नाई."

"एक वाजता लेकरू काय तुझ्या गॅरेजात आणू?"

रंगनाथनं पयला फ्यूज बघितला. चांगला व्हता. मग ड्रायव्हरच्या शेजारी पाय ठेवतात ना, तिथं उताणा पडून मुंडी आत घातली. सामानाच्या कप्प्यामागं वारा फेकायची मोटर असती म्हणं. "चालू करा, भाऊ." आन् कान लावून असा गप पडला, की मला वाटलं याला काय झालं! आयुष्यात पयल्यांदा न हलता बघितला त्याला.

"करंट येऊन रायला," म्हणाला. "चाक अडकलं हाये."

तीन स्क्रू काढून मोटर खाली ओढली. मी वाकून बघितलं. पिंजऱ्यासारख्या त्या चाकात वाळका झेंडू आन् तांदूळ गच्च! दर दसऱ्याला, दर अवसंला म्याच पुढच्या काचेच्या बुडाशी हार ठेवून वर मूठभर अक्षता टाकायची. तिथल्याच फटीतनं वारा आत जातो, हे मला काय ठावं? आतली वारा गाळायची जाळी तर कवाच निघालेली.

रंगनाथनं माझ्याकडं बघितलं आन् मूठ मिटली.

"काय निघालं रं?" संपत.

"पाला."

कोरड्या ब्रशनं चाक झाडलं, बोटानं फिरवलं, बॅटरीच्या वायरी लावून बघितलं. सुर्रकन फिरलं! मी घड्याळाकडं बघतीय, दाराकडं पळतीय. परत बसवली, तवर साडेबारा. गार वारा तोंडावर आला तशी मी ओरडले, "पळ रं संपत, पळ!"

अडीचला आले. तोवर मी उंबऱ्यात किती येरझाऱ्या घातल्या, इचारू नको. बाळ गाढ झोपलेलं, पाऊल हातात धरलं तर कोमट, घामाचा टिपूसबी न्हाई. ओवाळलं, गाडीवरनंबी भाकरतुकडा उतरला, आन् सवयीनं अक्षतांची मूठ काचेकडं गेली.

"आजी!" रस्त्यापलीकडनं रंगनाथ, चालता चालताच. "चाकापाशी! काचेपाशी नाई!"

संपतनं आधी मूठ बघितली, मग मला.

"अस्सं. पाला व्हय?"

म्या गुमान चाकापाशी अक्षता टाकल्या. रंगनाथ तवर दुसऱ्या गाडीत घुसला व्हता.