खोकं नवं होतं

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील, वाचणाऱ्याने माफ करावं. चौथीपर्यंतच शिकले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, देवासमोर हात जोडूनही नाही.

केतकी माझी भाची, बहिणीची मुलगी. तेवीस वर्षांची. तिला स्नायूंचा आजार. पाय आधीच गेले होते, पुढे हातही जातील असं डॉक्टर म्हणाले होते. पण तेव्हा हात चालत होते. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायची. पळायची ती तिथेच.

त्यासाठी तिला ग्राफिक कार्ड हवं होतं — त्याने म्हणे खेळातलं चित्र न अडकता पळतं. दोन महिने किमती ताडून बघत होती. "मावशी, सगळ्यात जोरदार नको. पैसे दुप्पट, पण खेळ काही दुप्पट पळत नाही. मधलं आण, पैसावसूल." शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे तिने माझ्या हातात दिले.

लहरीपुऱ्यापलीकडच्या बाजारातल्या दुकानात गेले. गुजराती दुकानदार म्हणाला, "बेन, ए ज कार्ड, वापरेलुं. आठ हजार ओछा." तेच कार्ड, वापरलेलं, आठ हजार कमी. गरम झालं की अडेल, हेही त्याने सांगितलं. मी काय विचार केला? मोठ्याऐवजी मधलं चालतं, तर नव्याऐवजी जुनं का नाही चालणार? खंडेराव मार्केटातून संध्याकाळची उतरती भाजी आणतेच ना मी — पण ती माझ्या पैशाची. आणि खरं सांगू? भिशीचे दोन हप्ते चुकले होते, बायका टोमणे मारत होत्या; वाचलेले आठ हजार तिथे भरले. नव्या खोक्यात घालून द्या, असं मीच त्याला म्हटलं.

खेळायला बसली की अर्ध्या तासाने तिची गाडी अडखळायची, वळणावर आदळायची. कार्डावर तिने शंका घेतलीच नाही — मावशीने आणलेलं, नवं. आपल्या बोटांकडे बघून हसली. "गेले गं मावशी, हातही गेले. एवढ्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं."

तेव्हा बोलायचं होतं ना? मी म्हटलं, "चहा टाकू?"

तिने खेळणं सोडलं. हात मात्र पुढे वर्षभर चांगले होते — स्वतःची वेणी स्वतः घालायची, मी समोर बसून बघायचे. ते वर्ष मी तिच्याकडून काढून घेतलं.

थोडे थोडे साठवत काल आठ हजार पुरे झाले, तिच्याकडे नेले. "कसले गं?" म्हणाली. "तुझेच," म्हटलं आणि तिच्या हातात ठेवले. आता तिची बोटं मिटत नाहीत. नोटा मांडीवरून खाली घसरल्या. मी वेचल्या, परत मोजल्या, तिच्या उशीखाली ठेवल्या. पूर्ण आठ हजार.