चामडं उसवता येत नाही

माझ्या लग्नासाठी वाटलेल्या माहितीपत्रकात 'शिवणकाम उत्तम' असं लिहिलेलं होतं. ते बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि ज्या दुकानात बाबांनी तीस वर्षं सूट आणि सफारी शिवले, तिथल्या मशीनला हात लावायची मला बंदी होती. म्हणजे पाहुण्यांना सांगताना माझं शिवण उत्तम, आणि गिऱ्हाइकाच्या पँटला साधी दुमड घालायची तर मी बिनकामाची. पाहुण्यांनाही ते कळलं असावं, कारण तीनही स्थळांकडून नकार आला.

दुकान पेठेतल्या एका बोळात होतं. दाराशी बाबांच्या अक्षरातली पाटी होती: 'जुने कपडे आल्टर करून मिळणार नाहीत. कारण विचारू नये.' कारण विचारायला कोणी येतच नव्हतं. सफारी घालणारे एक तर रिटायर झाले होते नाहीतर वारले होते, आणि त्यांची मुलं काचेच्या दारांच्या दुकानांतून तयार कपडे घेत होती. बाबांच्या मते लोकांना आता स्वतःचं असं माप राहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. हडपसरला शाळेचे गणवेश शिवणारा एक माणूस मशीन न्यायला तयार झाला. खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय ते जागचं हलवायचं नाही, एवढीच बाबांची अट होती.

मला ते मशीन हवं होतं. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात मी टंकलेखन करत असे, दुसऱ्यांची पत्रं दुसऱ्यांच्या शब्दांत. आपल्या हातची म्हणावी अशी एक वस्तू मला करायची होती, आणि ती घरच्या त्या कुरकुरणाऱ्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवून होणार नव्हती.

तेव्हा पुण्यातल्या कॉलेजात चामड्याच्या जॅकेटचं वेड पसरलं होतं. आपल्याकडे थंडी मोजून पंधरा दिवस, तीही पहाटेची, पण जॅकेट गणपतीपासून होळीपर्यंत अंगावर. नवं परवडायचं नाही. जुन्या बाजारात मात्र परदेशातून आलेल्या वापरलेल्या चामडी कोटांचे ढीग पडलेले असत, एकेक एवढा मोठा की आपल्याकडची दोन माणसं आत मावावीत. एका रविवारी मी त्यातला एक तपकिरी कोट घेऊन आले. आईने तो चार दिवस गॅलरीत टांगून ठेवला. "कोणाच्या अंगावरचा असेल देव जाणे," म्हणत ती त्याला वळसा घालून जायची, जणू त्याच्या आत ती परदेशी बाई अजून उभीच होती.

"बाबा, खंडेनवमीपर्यंत मला मशीनवर बसू द्या," मी म्हणाले. "यातून एक जॅकेट शिवते."

बाबांनी कोट बोटाच्या टोकाने उचलून पाहिला. "उतरलेलं शिवायचं? मग बोहारणीकडेच नोकरी धर की. ती निदान बदल्यात पातेलं तरी देते."

मी हलले नाही. तेव्हा ते म्हणाले, "एक शिव. जमलं तर मशीन राहील. नाही जमलं तर हडपसरला जाईल, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बाबांची शिकवण्याची पद्धत सांगायला हवी. लहानपणी घरी मी काही शिवलं की ते कापड उजेडात धरायचे, खिशातून ब्लेड काढायचे आणि सबंध शिलाई उसवून तुकडा माझ्या मांडीवर टाकायचे. कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत. तेवढं आपल्याला कळत नसेल तर शिवायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं असावं. असावं म्हणते, कारण तेही ते कधी बोलले नाहीत. आमच्याकडे बोलणं कमी आणि उसवणं जास्त होतं.

चामड्याने मला पहिल्या दिवशीच माझी लायकी दाखवली. टाचणी लावली तर भोक कायमचं राहतं, म्हणून मी आईचे कपडे वाळत घालायचे चिमटे पळवले. इस्त्री चालत नाही, म्हणून शिलाई दाबायला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणि वरून ठोकायला खलबत्त्यातला बत्ता. आईला बत्त्याचं कळलं तेव्हा तिने तो तीनदा उकळला आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. चामडं मशीनच्या पायाखाली सरकेना, तर मी त्यावर पावडर टाकली. बाबांच्या मशीनला आयुष्यात पहिल्यांदा चांगला वास आला.

पण बाह्यांनी मला खरं शिकवलं. त्या अनोळखी बाईने वर्षानुवर्षं कोपर वाकवून त्या चामड्याला बाक आणला होता, आणि तो काही केल्या जात नव्हता. मी दोन संध्याकाळी नुसती बघत बसले. मग बाहीची शिलाई सरळ न ठेवता दोन बोटं मागे घेतली, म्हणजे जुना बाक बरोबर नव्या कोपरावर यावा. टेबलावर ठेवलं की बाही वाकडी दिसायची. हात घातला की अंगचीच वाटायची. असं काही मला सुचेल असं मलाच वाटलं नव्हतं, आणि मी त्या दिवशी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दुकानात आले तर जॅकेट टेबलावर होतं आणि बाबांच्या हातात ब्लेड होतं. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवलेली होती. कापड असतं तर काही बिघडलं नसतं. चामड्यात मात्र भोकांची सबंध रांग उघडी पडली होती, आणि ब्लेड ओढताना दोन ठिकाणी ते टपालाच्या तिकिटांसारखं फाटलं होतं.

"बाबा, ती चूक नव्हती!" मी ओरडले. त्या दुकानात माझा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "डावीत हात घालून बघा! घाला!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग निमूटपणे डाव्या बाहीत हात घातला आणि कोपर वाकवलं. सरळ केलं. पुन्हा वाकवलं. चार-पाच वेळा तरी केलं असेल.

"मग आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतंत का?"

सत्तावीस वर्षांत शिवणाबद्दल आमचं झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण. त्यानंतर बाबांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. खंडेनवमीला तीनच दिवस उरले होते, दुसरा कोट नव्हता, आणि मशीन तर जाणारच होतं.

कोटाच्या खालच्या घेराचं चामडं शिल्लक होतं. त्यातून मी अंगठ्याएवढी रुंद पट्टी कापली आणि भोकांवरून खांद्यापासून मनगटापर्यंत बसवली. एका बाहीला पट्टी विद्रूप दिसली असती, म्हणून धडधाकट डाव्या बाहीलाही तशीच लावली. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी जॅकेट ठेवलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांचं मत काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दसरा झाल्यावर हडपसरचा माणूस टेम्पो घेऊन आला. बाबा म्हणाले, "मशीन रिकामं नाही. हातात काम आहे." हातात काहीही काम नव्हतं. तो माणूस चिडून गेला, आणि बाबांनी ते जॅकेट दाराशी टांगलं.

आठवड्याभरात गाडीवरून जाणारी एक कॉलेजची मुलगी थांबली. "काका, सॉरी हं, पण हा बाहीवरचा पट्टा एकदम क्लास दिसतोय. याला काय म्हणतात?"

"घाई," बाबा म्हणाले.

तिला ते फॅशनचंच नाव वाटलं असावं. तिने जॅकेट घेतलं, आणि आपल्या मैत्रिणींनाही घाईवालंच हवं असेल, असं सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पाटीचा रंग अजून ओला होता. 'कारण विचारू नये'च्या खाली त्याच अक्षरात एक ओळ वाढली होती: 'चामड्याचे असल्यास मुलीस विचारावे.'

मी आत गेलेच नाही, बोळातच रडत उभी राहिले. बाबांनी माझ्याबद्दल लिहिलेलं ते दुसरं वाक्य होतं. पहिलं पाहुण्यांसाठी होतं. हे गिऱ्हाइकांसाठी होतं, आणि गिऱ्हाइकांशी बाबा कधी खोटं बोलले नव्हते.