लाईनीतली शेवटची

मागच्या शुक्रवारी बीडच्या मैदानावर मी घसा बसेपर्यंत ओरडले... आणि ज्या खेळासाठी ओरडले, त्याचे नियम मला अजून अर्धेच कळतात.

खेळ फ्लॅग फुटबॉल. नावात फूट असलं तरी हाताने खेळायचा. बॉल पपईसारखा लांबुळका, कमरेला पट्ट्या... बॉल घेऊन पळणारीची पट्टी ओढली की डाव थांबला. मी वडवणीच्या कॉलेजात ग्रंथपाल. मुलींची टीम म्हटलं की सोबत एक मॅडम लागतात, म्हणून माझी वर्णी लागली.

आमच्या कदम सरांना रिसीव्हर हवी होती. म्हणजे लांबून आलेला बॉल पळता पळता झेलणारी. बाकीचे कोच धावपटू शोधतात... आमचे सर आठवडी बाजारात गेले. तिथे टरबुजांचा टेम्पो उतरत होता आणि आमचीच बी.ए.ची रुबिना वडिलांच्या माणसांसोबत रांगेत मध्ये उभी राहून टरबुजं झेलून पुढच्याकडे फेकत होती. एकही निसटलं नाही. सर भाजीची पिशवी तिथेच विसरून आले.

हात भारीच होते. पण घोळ असा, की रुबिना बॉल झेलायची आणि त्याच झटक्यात शेजारी फेकून द्यायची... शेजारी कुणी नसलं तरी. सरांनी महिनाभर डोकं फोडलं. बॉल पोटाशी धरून वर्गात बसवलं, लायब्ररीतसुद्धा ती तो मांडीवर घेऊन वाचायची. मैदानात गेली की पुन्हा तेच.

विद्यापीठाच्या टीममध्ये रिसीव्हरची एकच जागा उरली होती. आणि रुबिनाचं हे शेवटचं वर्ष.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिचे वडील, सलीमचाचा, तिला न्यायला आले. तिने पुन्हा बॉल फेकला, सरांनी कपाळाला हात लावला. चाचा हळूच म्हणाले, "सर, तुमी तिला मधी उभी केली हाय. मधला फेकणारच की. लाईनीत शेवटचा असतो ना, त्यो फेकीत न्हाई... ठिवतो."

मग तिच्याकडे वळून, "बेटा, आता तू शेवटची हाय. तुज्यापुढं कुणीच न्हाई."

शेवटची जागा सगळ्यात भरवशाच्या माणसाची, हे रुबिनाने मला नंतर सांगितलं. खाली अंथरलेल्या गवतावर टरबूज अलगद ठेवायचं काम. चाचांनी ती जागा तिला आजवर कधीच दिली नव्हती.

शुक्रवारी बीडला चाचणी बघायला चाचाही आमच्यासोबत आले. पहिला बॉल तिच्या हातून निसटला. दुसरा लई लांबून आला... तिने झेलला, क्षणभर शेजारी बघितलं, आणि पोटाशी ओढून जी पळत सुटली! दोघींनी पट्टीला हात घातला, दोघींच्या हातात वारा.

रेषेपलीकडे गेल्यावर बाकीच्या मुली बॉल आपटतात, नाचतात. रुबिना खाली वाकली आणि तिने बॉल दोन्ही हातांनी गवतावर ठेवला. घरंगळत नाही ना, तेही बघितलं.

यादीत तिचं नाव आलं. परतीच्या बसमध्ये चाचा एवढंच म्हणाले, "उद्या टेम्पो यायलाय. शेवटाला तूच उभी ऱ्हा."

निवड झाल्यावर नुसती हसलेली पोरगी तेव्हा रडली... आणि मीही.

कदम सर, त्या दिवशी बाजारात गेलात, लई बरं केलंत.