माइन्त्समध्ये बाबांच्या हातातले खिळे
परवा इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या लायब्ररीत मुलीच्या प्रिंटिंगच्या क्लासला गेले आणि ओल्या शाईच्या वासाने मला जर्मनीतलं माइन्त्स आठवलं. तेव्हा बाबांना आमच्याकडून पुण्याला पोचवायला मी निघाले होते, वाटेत तिथे एक दिवस थांबलो. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते; खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर लावायचे. युरोपातली खिळ्यांची छपाई जिथे सुरू झाली ते गाव त्यांना पाहायचंच होतं. तांबड्या दगडाचं भलंमोठं कॅथेड्रल त्यांनी पाच मिनिटांत उरकलं आणि छपाईचं म्युझियम गाठलं. तिथल्या बाईंनी मूठभर शिशाचे खिळे पुढे केले. बाबांनी डोळे मिटले, प्रत्येक खिळ्याची सुलटी बाजू सांगणारी खाच अंगठ्याने चाचपली आणि एकेक खिळा सुलटा ओळीत लावला. बाई बघतच राहिल्या. “हे कुणी शिकवलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “पोटाने,” बाबा मराठीतच म्हणाले. मी भाषांतर केल्यावर बाईंनी हसून आपला एप्रनच त्यांच्या गळ्यात घातला. विमानतळाकडे परतताना ट्रेनमध्ये मी विचारलं, “बाबा, जोडाक्षरं कशी जुळवायचात हो?” ते चकित झाले. इतक्या वर्षांत घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मग स्टेशन येईपर्यंत ते बोलतच होते. आता दर रविवारच्या फोनवर मी त्यांना छापखान्याबद्दल एक तरी प्रश्न विचारते, आणि अजून एकही उत्तर थोडक्यात मिळालेलं नाही.