हातभर लोखंड

लायल ट्रेनविथला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलारू गावात कुणी वाईट म्हणत नसे, आणि फारसा शहाणाही म्हणत नसे. बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत त्यानं जन्मभर वेल्डिंग केलं. माणूस भिडस्त, कुणी चहा विचारला तरी आधी नको म्हणणार. पण गाडीचा विषय निघाला की मग काही खरं नाही. समोरच्याची खिम्याची पेस्टी थंड व्हायची, बिअर कोमट व्हायची, याचं आपलं चालूच.

गाडी त्याची नव्हती, थोरल्या भावाची होती. जोरीची.

जोरीनं ती लग्नाआधी बापाच्या परसात बांधली होती. भंगारातून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणला. त्यावर साध्या मोटारगाडीचं इंजिन बसवलं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून रोज संध्याकाळी ठोकठोक ठोकला आणि दोन माणसांची उघडी, लाल, बुटकी स्पोर्ट्स कार उभी केली. आठवडाभर तीच गाडी घेऊन कामावर जायचा. रविवारी तीच घेऊन बरोसाच्या टेकडीवरच्या शर्यतीला. तिथं पोचला की पुढचे दिवे काढून झुडपाखाली ठेवायचे, दारावर चुन्यानं आकडा काढायचा, भन्नाट वर चढायचं, आणि संध्याकाळी दिवे लावून घरी. रस्त्यालाही तीच, शर्यतीलाही तीच. तेव्हा सगळ्यांचं असंच होतं म्हणा, पण लायलला वाटायचं, असं फक्त आपल्या भावालाच जमलं.

पुढं जोरी कोठारावरून पडला आणि जागीच गेला. बायको पोटुशी होती. ती पर्थला माहेरी गेली, तिथंच दुसरं लग्न करून राहिली. मुलगी झाली, टॅमसिन. तिनं बापाला पाहिलंच नाही. गाडी ताडपत्रीखाली पडली ती पडलीच.

नोकरी संपल्यावर लायलनं ताडपत्री काढली आणि टॅमसिनला फोन केला. "पोरी, तुझ्या बापाची गाडी मी परत उभी करतोय. टेकडीवर चढवायची ठरवलंय, त्याच्या नावानं. तेव्हा तू यायचंस."

"येईन काका," ती म्हणाली. "माझ्याकडे त्यांचं काहीच नाही. एक फोटो आहे, त्यातही तोंड फिरवलेलं."

झालं. या वाक्यापायी म्हाताऱ्यानं जिवाचं रान केलं. पुढची वर्षं शेडमध्ये गेली. त्याची बायको एव्हिस दारात उभी राहून म्हणायची, "माझ्या गुडघ्याकडं इतकं लक्ष दिलं असतंस, तर मीच ती टेकडी चढून आले असते." तो हसायचा आणि पुन्हा गाडीखाली घुसायचा. पत्रा एवढासाही बदलला नाही त्यानं. पोचे काढले, तेही हळूहळू, जोरीच्या हातोडीचे ठोके पुसले जाऊ नयेत म्हणून.

मग आलं रस्त्याचं पासिंग. इंजिनियरनं गाडीखाली जाऊन पाहिलं. चासीच्या डाव्या तुळईला पुढच्या बाजूला तडा होता. "हे वेल्डिंगनं भागणार नाही. रस्त्यावर न्यायची तर हा तुकडा कापा आणि नवा घाला."

एव्हिस म्हणाली, "मग रस्त्यावर नेतोस कशाला? ट्रेलरवर टाकून ने की. सगळं जग तसंच नेतं."

"जोरीनं कधी ट्रेलर वापरला? चालवत जाणार, शर्यत करणार, चालवत येणार. नाहीतर ही जोरीची गाडी कसली?"

असा हट्ट. अरे बाबा, ट्रेलरवर नेली असतीस तर तडा गेलेली ती तुळई शर्यतवाल्यांनी तात्पुरता टेकू लावून चालवूनही घेतली असती! पण नाही. लायलनं तुकडा कापला. हातभर लोखंड. त्यावर जोरीनं छिन्नीनं ठोकलेला चासीचा नंबर होता, थोडा तिरका. नवी तुळई बसवून लायलनं तोच नंबर तिच्यावर ठोकला, सरळ आणि सुबक. गंजका तुकडा कोपऱ्यात पडला होता. शेजारचा रॉली शुंके कोंबड्यांच्या खुराड्याचं दार धरायला काहीतरी शोधत आला. "हे घेऊ का रे?"

"घे की. भंगारच आहे ते."

आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस. लोखंड म्हणजे लोखंड, जुनं गेलं, नवं आलं, याच्यापलीकडं त्याच्या डोक्यात काही आलंच नाही.

रॉली वारला. मुलानं खुराड्यासकट सगळं विकलं. ते कुठं गेलं याची चौकशी लायलनं कशाला करावी?

शर्यतीच्या दिवशी तो आणि एव्हिस पहाटेच निघाले. गाडी काय चालली म्हणता! एव्हिसचा रुमाल उडाला तरी तिनं थांब म्हटलं नाही. टेकडीखालच्या मैदानात पोचल्यावर लायलनं पुढचे दिवे काढले आणि झुडपाखाली ठेवले. डोळे भरून आले होते त्याचे, बायकोला दिसू नये म्हणून उगाच नाक शिंकरत बसला.

जुन्या गाड्यांच्या शर्यतीत गाडी खरीच जुनी आहे ना, हे आधी पाहतात. तपासनीस होता बेव्हन लॉफ्टहाउस, ओळखीतलाच. तो बॅटरी घेऊन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"लायल, हा नंबर कुणी ठोकला?"

"मी."

"आणि मूळचा?"

लायलनं सरळ सांगितलं. तडा, पासिंग, रॉलीचं खुराडं, सगळं. खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

बेव्हन उठला. "तो तुकडा सापडलाय, दोस्ता. अ‍ॅडलेडच्या हॉल्डेन पाइकला. भंगारात नंबर दिसला, शर्यतीच्या जुन्या नोंदींवरून ओळखला त्यानं. त्याच्याभोवती अख्खी गाडी बांधलीय आणि गेल्या महिन्यात तिला मान्यता मिळाली. ती बघ."

पलीकडं ट्रेलरवरून एक लाल, बुटकी, उघडी गाडी उतरत होती. पत्रा आरशासारखा. दारावर जोरीचाच आकडा.

"अरे, पण पत्रा इथं आहे! इंजिन इथं आहे! स्टिअरिंग जोरीच्या हातानं झिजलेलं आहे, हात लावून बघ!"

"ते सगळं बदलता येतं रे. आमच्या लेखी चासीचा नंबर म्हणजे गाडी. एका नंबराच्या दोन गाड्या नसतात. तू नक्कल म्हणून पळव, मी हरकत घेणार नाही. पण जोरीचं नाव नाही लावता येणार."

लायल मडगार्डवर बसला. एव्हिस बेव्हनला नाही नाही ते बोलली, पण लायलच्या कानात काही शिरलंच नाही. आपल्याच हातानं कापलं, आपल्याच हातानं देऊन टाकलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. तो पाइक लुच्चा असता तरी बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो माणूस हॅट काढून स्वतः भेटायला आला. "तुम्ही जोरीचे भाऊ? धन्य झालो. त्यांची मुलगी येणार म्हणे आज. तिला मी माझ्या शेजारी बसवून वर नेईन, चालेल ना?"

तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला: जोरी ट्रेनविथची मूळ गाडी, आणि त्यांची कन्या आज आपल्यात आहे. विमानतळावरून थेट आलेली टॅमसिन गर्दीतून वाट काढत त्या गाडीकडं गेली. पन्नाशीच्या आसपासची बाई, केस बापासारखे तांबूस. तिनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि रडायला लागली. पाइकनं दार उघडून दिलं. ती बसली, गाडी वर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लायल झुडपाजवळ उभा राहून पाहत होता.

खाली आल्यावर ती काकाला शोधत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. चेहरा इतका उजळलेला की एव्हिसला तिच्याकडं पाहवेना.

लायलनं तिचा हात धरला आणि तिला आपल्या गाडीकडं नेलं. दार उघडून आतल्या बाजूच्या पत्र्यावर तिची बोटं टेकवली. "हे लागतंय हाताला? हे बारीक खळगे? हे तुझ्या बापाच्या हातोडीचे ठोके आहेत. मी एकही पुसला नाही. पोरी, गाडी ही आहे."

तिनं बोटं फिरवली. मग एव्हिसकडं पाहिलं, आणि भोंग्याकडं, आणि पुन्हा म्हाताऱ्या काकाकडं. आजारी माणसाशी बोलावं इतक्या मायेनं ती म्हणाली, "काका, किती कष्ट घेतलेत हो तुम्ही! अगदी हुबेहूब केलीय."

त्यानं सांगायला तोंड उघडलं. तिच्या गालावर अजून ओल होती. आता पुन्हा सगळं सांगायचं, ते कापलेलं लोखंड, ते खुराडं, तो नियम, आणि तिला आत्ताच मिळालेला बाप हिसकावून घ्यायचा.

"हो," लायल म्हणाला. "बरीचशी जमलीय."