दोडक्याचा आजा

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यात एकही भाजी नुसती भाजी म्हणून पाहिलेली नाही. आपण वांगं चिरतो, ताई त्याची विचारपूस करतात. विळीवर टोमॅटो ठेवला की "थांब वयनी, पोटात कोण कोण हाये पाहू दे" म्हणून माझा हात धरतात आणि तिकडे फोडणी जळून जाते. ताईंनी लग्न केलं नाही, त्या आमच्यातच राहतात. कटंगीजवळच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर तिसरीला शिकवलं. पुस्तकातला झाडाच्या जीवनचक्राचा धडा त्यांना कधीतरी चावला आणि त्याचं विष काही उतरलं नाही. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा ताईंनी मुलाच्या ताटलीतल्या बटाट्याकडे बोट दाखवून विचारलं, "आलू मूळ हाये का खोड?" बिचारा घाबरून "मूळ" म्हणाला. ताई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागल्या, "पोरगा गुणाचा दिसते, पण आलूले मूळ म्हणते. पाहून घ्या बाप्पा." लग्न झालं. जावई अजूनही आमच्याकडे वरणभातच मागतो.

शाळेतून त्या नेहमी बांधाबांधानं, गवतातून येत. घरी पोचेपर्यंत साडीला खालपासून वरपर्यंत कुसळं, गोखरू आणि नाव माहीत नसलेली चिकट बोंडं लागलेली असत. मी कुरकुरले की म्हणत, "त्याइले फिराले जायचं हाये, पाय नाई. मीच त्याइची बस." एकदा ती साडी नेसून त्या तुमसरला लग्नाला गेल्या आणि तिथल्या मांडवात बसून कुसळं उपटत राहिल्या. बियांना तिकीट पडलं नाही याचाच त्यांना आनंद.

वर्गात तर विचारू नका. पोरांना गुडघ्यात डोकं घालून बी व्हायला लावायचं, अंगावर गोणपाट टाकायचं आणि वरून पाणी शिंपडायचं. सगळी पोरं हात वर करून उगवायची. एक मुलगी मात्र गोणपाटाखालून म्हणाली, "मॅडमजी, अभी मेरा मन नहीं है." ताईंनी बाकीच्यांना गप्प केलं. "राहू द्या तिले. सगळं बी एकाच दिवशी नाई निघत."

पुस्तकात बी, रोप, फूल, फळ अशी चित्रं गोल मांडलेली आणि मधे बाण. फळापासून पुन्हा बीपर्यंत जाणाऱ्या बाणावर ताईंचा भारी राग. "एवढ्याशा बाणात अर्धं काम लपवलं!" म्हणून त्यांचा धडा दोन दिवसांत संपत नसे. शाळा उघडली की कुंपणाशी दोडका लावायचा, वेलीवरचा पहिला चांगला दोडका चिंधी बांधून राखायचा आणि वेल पार वाळेपर्यंत थांबायचं. मग तो खुळखुळ्यासारखा वाजवून बी काढायचं. थोडं पोरांनी घरी न्यायचं, उरलेलं पुढच्या तिसरीला द्यायचं. ताईंच्या पहिल्या वर्गापासून तोच वेल एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात आला होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मात्र घात झाला. शाळेत साहेब येणार म्हणून नव्या मोठ्या गुरुजींनी आवार झाडून घेतलं आणि कुंपणावरचा वाळका वेल कचऱ्यात जाळला. माणूस वाईट नव्हता, पण वाळलेलं दिसलं की काढून टाकायचं एवढंच त्यांना ठाऊक. ताई आल्या तेव्हा राख उरली होती. त्या भांडल्या नाहीत. पोरांबरोबर राखेत बसून काडीनं बी शोधत राहिल्या. घरी आल्या, ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "वयनी, वेल मेला नोता. बी पिकवाच्या कामाले लागलता."

त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, समजूत घालायला गेले. "काहून रडतं बाई? बजारात बियाचं पाकीट भेटते." ताईंनी डोळे पुसून विचारलं, "भेटते. पण त्या दोडक्याचा आजा कोण, सांग ना?" यांनी आपलं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन जेवले.

मग ताईंनी गावातली घरं पालथी घातली. कुठे दोडके कोवळेच खाल्ले होते, कुठे वेल बकरीनं फस्त केला होता. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. शेवटी गोणपाटाखालून न उठलेली ती मुलगी घरी आईला म्हणाली, "बुआ के यहाँ है न!" तिची आत्याही ताईंच्याच हाताखाली शिकलेली, लग्न होऊन लांजीकडे गेलेली. जाताना तिनं ते बी सासरी नेलं होतं. फोन झाला, आणि संक्रांतीच्या आधी एक वाळका दोडका बालाघाटला बस बदलून कटंगीला आला. कंडक्टरनं तो खिडकीतून दिला. "बाई, काय हाये यात? रस्ताभर वाजून राह्यला." ताईंनी दोडका कानाशी लावला आणि भर स्टँडवर रडल्या. मग म्हणाल्या, "पाय नाई त्याले, तरी आला."

जुलैत चौथीच्या पोरांनी नव्या तिसरीच्या हातात ते बी दिलं. तेव्हा ताई शाळेत नव्हत्या, घरी होत्या. आता त्या दुपारी ओसरीवर बसून असतात. परवा स्वतःच्या हाताची सुरकुतलेली कातडी चिमटीत धरून म्हणाल्या, "वयनी, मी बी वाळून राह्यली आता."

हातातला टोमॅटो खाली ठेवून मी म्हटलं, "मंग कामाले लागल्या म्हणा ना, ताई."

त्या खूप वेळ हसल्या. मग पुढे सरकून म्हणाल्या, "हौ. काप तो टमाटर, पाहू दे."