रिकाम्या पिकअपमधली हवा

एखाद्या घरात एक माणूस काहीतरी बनवायला बसला, की बाकीच्यांच्या वाट्याला किस्से येतात. मागावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बचत गटाच्या मीटिंगला गेले की बायका मला मुलांचं विचारतच नाहीत. आधी विचारतात, "तुमच्या पिकअपचं काय नवीन?" म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

पिकअप आमच्या यांची आणि धाकट्या दिरांची, संजूभाऊजींची, भागीत आहे. सकाळी पिंपळगाव राजातून भाजीचे कॅरेट घेऊन हे नांदुऱ्याला जातात आणि रिकामी गाडी घेऊन परत येतात. चालवणं यांचं, हिशेब भाऊजींचा.

एक दिवस येताना यांनी आरशात पाहिलं, तर मागच्या हौद्यात कोबीचं एक पान गरगर फिरत होतं. गाडी जोरात, पण पान काही उडून जाईना! नांदुऱ्यापासून घरापर्यंत तिथंच घिरट्या घालत आलं. दारात उतरल्या उतरल्या हे म्हणाले, "जाताना आपण माल नेतो, अन् येताना हवा घेऊन येतो. तिच्यासाठीबी डिझेल जळते!"

मी म्हटलं, "आधी हात धुवा."

*

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात टेबल फॅन आला. फॅनसमोर पिठाचा डबा उभा केला, ती केबिन. त्यामागे परात, तो हौदा. आणि हवा कुठून जाते ते दिसावं म्हणून डब्यापुढे उदबत्ती!

तेवढ्यात शेजारच्या काशीकाकू विरजण मागायला आल्या. त्यांनी ते सगळं पाहिलं, मागे जाऊन चपला काढल्या, डब्याला नमस्कार केला आणि हळूच मला विचारलं, "कोणता देव बसवला वं, बाई?"

"पिकअप," मी म्हटलं.

काकूंनी पुन्हा एकदा हात जोडले.

*

यांचं म्हणणं असं, की केबिनच्या टपापासून मागच्या फाळक्यापर्यंत उतरतं छत लावायचं. मग हवा आत न शिरता वरून घसरून जाईल आणि डिझेल वाचेल.

भाऊजींना हे पटलं नाही. त्यांना गाडीच परवडेनाशी वाटत होती. ते म्हणाले, "दादा, दिवाळीपर्यंत पाह्यतो. डिझेल कमी लागलं तं ठीक, नाही तं गाडी विकून टाकू."

त्या दिवशी मी हसले नाही. गाडी विकली की यांना पुण्याकडे कोणाच्या तरी ट्रकवर जावं लागणार होतं. आमच्या गल्लीतले दोघे असेच गेलेत. त्यांच्या बायका फोन जवळ ठेवून पोळ्या लाटतात.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायची दोरी यांनी मागितली. मी लगेच सोडून दिली.

*

सांगाडा शेतातल्या जुन्या पाइपांचा, वरून जुनं फ्लेक्स. पहिल्याच दिवशी रस्त्यात ते छत्रीसारखं उलटं झालं आणि उडालं! हे गाडी थांबवून शोधायला गेले, तर एका शेतकऱ्यानं ते सोयाबीनच्या ढिगावर टाकून चारी बाजूंनी दगडसुद्धा ठेवले होते. वरून पाऊस चालू.

हे म्हणाले, "भाऊ, ते आमचं छत आहे."

"असन ना! पण आता पाणी चालू हाय. थांबल्यावर घेऊन जा. बसा, भजे खा."

हे खरंच बसले. पाऊस थांबेपर्यंत त्या शेतकऱ्याला हवा कशी कापली जाते ते समजावलं. येताना छत आणलं, आणि शेतकऱ्यानं दिलेली चांगली जाड दोरी पण आणली.

*

ते फ्लेक्स कशाचं होतं, तेही सांगते. आमच्या भावकीतले एक गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा चौकात लावलेलं. यांनी छापील बाजू आतून घेतली, रस्त्यावर दिसायला नको म्हणून.

काशीकाकूंच्या भाचीच्या लग्नाला आम्ही बायका त्याच छताखाली बसून निघालो. धूळ नाही, ऊन नाही, एकदम आराम! पण वर पाहिलं तर गुरुजी. नात्यानं सगळ्यांचे चुलत सासरे.

एकीनं डोक्यावरून पदर घेतला. मग दुसरीनं. लग्नघरापर्यंत कोणीही मोठ्यानं हसलं नाही!

*

दिवाळी जवळ आली तेव्हा परीक्षा ठरली. टाकी फुल करायची, नांदुऱ्याहून रिकामी गाडी आणायची आणि पुन्हा टाकी भरून किती डिझेल लागलं ते पाहायचं. भाऊजी स्वतः बरोबर गेले.

पण ही बातमी आधीच पसरली होती. नांदुऱ्याच्या स्टँडवर आमच्या गावची सगळी माणसं बस सोडून साक्षीदार व्हायला पिकअपमध्ये चढली.

हे हात जोडून म्हणाले, "अरे, रिकाम्या गाडीची परीक्षा हाय!"

आतून आवाज आला, "काऊन बे, आमी काय ओझं हावो का?"

डिझेल नेहमीपेक्षा जास्तच लागलं. भाऊजी म्हणाले, "दादा, हवा तं तू काढली. पण गाव भरलं."

मग एकदा दोघे भाऊ कोणाला न सांगता गेले. परत आले आणि ओट्यावर टेकले. मी पाणी दिलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वाचलं, वयनी. पण उदबत्तीच्या पुड्यापुरतं वाचलं."

*

दिवाळी झाली आणि डोणगावहून गिऱ्हाईक आलं. भाऊजींनीच फोन करून बोलावलं होतं. यांनी सकाळी गाडी स्वतः धुतली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी दाराआड उभी.

पाहुण्यांनी टायर पाहिले, इंजिन चालू करून ऐकलं. सगळं पसंत. मग त्यांनी छताचा पाइप धरून हलवला आणि हसले. "हे काय लेकरायचं खेळणं लावून ठेवलं? कोण्या येड्यानं बनवलं? काढून फेका, मंग बोलू."

हे पाना आणायला उठले.

"दादा, बस खाली," भाऊजी म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "गाडी द्याची नाही."

"अहो, फोनवर तं हाव म्हटलं होतं!"

भाऊजींनी दाराकडे तोंड करून आवाज दिला,

"वयनी, चहा टाका. पाव्हणे निघून राह्यले!"